मदत हवी आहे: वाडीच्या मीटिंगमध्ये किनाऱ्याच्या धुपीवर बोलायचंय, कसं पटवू?

पुळणकर: रविवारी मीटिंग आहे, मला १५ मिनिटं दिलीत. सगळ्यांना दगडी बंधाराच हवाय, मी वाळूची टेकाडं आणि मर्यादवेल (वाळूवर पसरून ती धरून ठेवणारी वेल) राखा म्हटलं की हसतात, "वेलीने दर्या अडतो काय रे?" पीपीटी केली होती पण देवळात प्रोजेक्टर नाही. काय दाखवू, लवकर सांगा.

खाडीकाठ: गाव कुठलं? खाडीचं मुख की उघडा किनारा? घरं किती लांब? मालवणजवळच्या देवबागसारखं एकीकडे कर्ली नदी एकीकडे समुद्र असेल तर गोष्टच वेगळी.

भरतीवाला: बंधाराच बांधा. आमच्याकडे झाल्यापासून पाणी माडात आलेलं नाही.

खाडीकाठ: आणि पुढची पुळण? लाट दगडावर आपटून मागे फिरते ती पायथ्याची वाळू ओढून नेते, शिवाय बंधारा संपतो तिथे शेजाऱ्याची जमीन जाते.

भरतीवाला: पुळण गेली, खरंय. घर राहिलं ना. उधाणाच्या रात्री राहायला या, मग बोलू.

माडप्रेमी: माडाला खारं पाणी लागलं असेल तर आळ्यात गोडं पाणी भरपूर सोडा.

पुळणकर: माडाचं कोणी विचारलंय 😅 दापोली तालुका, उघडा किनारा, घरं शंभरेक पावलांवर. २०२० च्या निसर्ग वादळात सुरूचं बन आडवं झालं, आणि आता कॉटेजवाल्याने सी-व्ह्यूसाठी जेसीबी लावून टेकाड सपाट केलंय.

खाडीकाठ: अहो हे आधी सांगायचं! वाळूची टेकाडं सीआरझेड-१अ मध्ये, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या सगळ्यात जपायच्या भागात येतात, २०१९ ची अधिसूचना बघा. आणि सुरू परत लावू नका, ते ऑस्ट्रेलियाकडचं झाड, त्याच्याखाली वेल धरत नाही.

भरतीवाला: सुरूनेच आमची कौलं वाचवली त्या वादळात. काहीही!

शाळेतली_बाई: भांडणं नंतर. मोठी परात घ्या, ओली वाळू थापा, अर्ध्या भागात वीट उभी, अर्ध्यात नुसता उतार. दोन्हींमागे काडेपेटीचं घर. पाणी ओतून झाकणाने लाटा मारा. पोरांना मारू द्या, आया आपोआप पुढे सरकतात.

वीकेंड_भटक्या: कॉटेजचा रेट काय आहे?

पुळणकर: बाई, घरी करून बघितलं. विसेक लाटांत विटेखालची वाळू गेली आणि वीट पुढे कलंडली. आई म्हणते परात घासून ठेव.

भरतीवाला: उताराकडची काडेपेटी?

पुळणकर: उतार बराच खाली बसला. पेटी भिजली, पण जागेवर.

भरतीवाला: भिजली हेपण सांग हो मीटिंगमध्ये. वेल हवी तर आमच्याकडून ने, पेराचे तुकडे पावसाच्या तोंडाला लावले की धरतात.