गल्ली सहा मीटरची, इमारत सात मजल्यांची?

कोथरूडकर: आमच्या गल्लीतला बंगला पाडून तिथे सात मजली इमारत येतेय. रस्ता जेमतेम सहा मीटर. कचऱ्याची गाडी आली की रिक्षावाला शिव्या घालत रिव्हर्स घेतो. परवानगी मिळतेच कशी? हरकत कुठे घ्यायची?

नकाशेवाला: युडीसीपीआर म्हणजे राज्याच्या बांधकाम नियमावलीप्रमाणे नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्याला मूळ एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम) १.१, वर टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्क) नाही. मंजूर नकाशात रस्ता किती दाखवलाय ते बघा. रुंदीकरणाला जागा सोडून नऊ धरला असेल तर सगळं गणित बदलतं.

कोथरूडकर: म्हणजे कागदावर नऊ, टेपने सहा! वा.

वनाजकाका: हरकती-सूचना विकास आराखड्यावर मागवतात, एकेका इमारतीच्या परवानगीवर नाही. प्लॉट पाचशे चौरस मीटरहून मोठा आणि फ्लॅट आठांहून जास्त असतील तर महारेरावर (गृहप्रकल्पांची नोंदणी होते ती सरकारी वेबसाइट) नकाशा फुकट दिसेल. नाहीतर दहा रुपयांचा माहिती अधिकार अर्ज, तीस दिवसांत उत्तर.

भाडेकरू२: राग मानू नका, पण तुमची सोसायटी झाली तेव्हा शेजारीही हेच म्हणाले असतील. घरं हवीतच की लोकांना.

कोथरूडकर: हवीत. पण तेव्हा अख्ख्या सोसायटीत दोन लुना होत्या हो. असो, रविवारी रस्ता मोजतोय. टेपचं दुसरं टोक धरायला कुणी येतंय का?