मदत हवी आहे: जेम्स वेबची फाइल उघडली की नुसता काळा पडदा (तातडीचं)

गडहिंग्लज_विज्ञान
नमस्कार. २८ फेब्रुवारीला शाळेत विज्ञान दिनाचं प्रदर्शन आहे. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीचा फोटो मूळ डेटापासून नववीच्या मुलींकडून रंगवून घ्यायचा आणि त्याचा मोठा फ्लेक्स लावायचा, असं हेडमास्तरांना सांगून बसलेय. डेटा उतरवला, उघडला, तर सगळं काळं. दोन-चार पांढरे ठिपके, बाकी शून्य. परत उतरवला, तरी तेच. यूट्यूबवर सगळे थेट रंग भरायला घेतात, काळ्याबद्दल कोणी बोलत नाही. लवकर सांगा प्लीज. ‘गूगल करा’ नको, ते करून झालंय.

निशाचर
कोणती फाइल? कशात उघडली?

गडहिंग्लज_विज्ञान
जेम्स वेबची. लिहिलंय की वर. लॅपटॉपवर उघडली.

निशाचर
मॅडम, वेबच्या लाखो फाइली आहेत हो. कोणत्या वस्तूचा फोटो, फाइलच्या नावाच्या शेवटी काय लिहिलंय, फिल्टर कोणता आणि सॉफ्टवेअर कोणतं, एवढं सांगा. त्याशिवाय अंधारात काठी मारल्यासारखं होईल.

डॉबसनकाका
ताई, मुलांना संगणकावरचे फोटो कशाला दाखवता? आठ इंची डॉबसोनियन दुर्बीण घ्या. शनीची कडी एकदा डोळ्याने बघितलेलं पोर जन्मभर विसरत नाही. १९८६ साली हॅलेचा धूमकेतू आला तेव्हा आमच्याकडे साधी द्विनेत्री होती, तरी अख्खी आळी गच्चीवर जमायची. बजेट सांगा, मी मॉडेल सुचवतो.

गडहिंग्लज_विज्ञान
काका, दुर्बीण हा प्रश्नच नाहीये.
@निशाचर: कॅरिना तेजोमेघ, डोंगरासारखा दिसतो तो. नावाच्या शेवटी आयटूडी डॉट फिट्स आहे. गिंपमध्ये (फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर) उघडली. लॅपटॉप शाळेचा आहे, चार जीबी रॅम. उघडायलाच इतका वेळ लागला की तास संपला.

अजगर
गिंप सोडा. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा घ्या, त्यात अ‍ॅस्ट्रोपाय हे खगोलाचं पॅकेज टाका, चार ओळींत काम होतं. फिट्स फाइल (खगोलाच्या डेटाचा फाइल-प्रकार) गिंपमध्ये उघडणं हाच मुळात चुकीचा रस्ता आहे.

गडहिंग्लज_विज्ञान
भाच्याने पायथनमध्येही केलं होतं. ‘डेटा नाही’ असं आलं. म्हणून तर मला वाटलं फाइलच खराब आहे.

अजगर
हे आधी का नाही सांगितलं? भाच्याने शून्य नंबरचा कप्पा उघडला असणार. वेबच्या आयटूडी फाइलमध्ये शून्य नंबरच्या कप्प्यात फक्त माहितीपत्रक असतं, चित्र नसतंच. चित्र एक नंबरच्या कप्प्यात, त्याचं नाव एससीआय. पुढच्या कप्प्यांत त्रुटी, वजनं वगैरे हिशेब असतात. एक नंबर उघडायला सांगा. आणि दाखवताना कमाल-किमान आकडे स्वतः द्यायला सांगा, नाहीतर तिथेही काळंच दिसेल. अजून एक: कडेच्या रिकाम्या जागी ‘आकडा नाही’ अशी नोंद असते. साधं पर्सेंटाइल काढलं तर उत्तरच येत नाही, नॅन-पर्सेंटाइल वापरायला लागतं.

निशाचर
काळं दिसण्याचं खरं कारण अजगरने शेवटी शेवटी उरकून टाकलं, ते नीट सांगतो. फाइल चांगली आहे, चित्र आत आहे. वेबच्या फाइलमध्ये रंग नसतात, प्रत्येक ठिकाणी किती प्रकाश आला त्याचा आकडा असतो. एकक मेगाजान्स्की प्रति स्टेरेडियन. धुळीच्या ढगाचे आकडे अगदी लहान आणि ठळक ताऱ्यांचे प्रचंड मोठे. सॉफ्टवेअर सगळ्यात लहान आकड्याला काळा आणि सगळ्यात मोठ्याला पांढरा धरून मधलं सरळ रेषेत वाटून देतं. मग ढग बिचारा तळाच्या काळ्यात गाडला जातो आणि तुम्हाला दिसतात ते दोन-चार पांढरे ठिपके, म्हणजे तेच ठळक तारे.

उपाय: डीएसनाइन नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्या. खगोलशास्त्रज्ञ रोज वापरतात. फाइल उघडा, वर ‘स्केल’ मेनूत जाऊन आधी ‘लॉग’ निवडा, मग त्याच मेनूत ‘९९.५ टक्के’. ढग बाहेर येईल. माउसचं उजवं बटण दाबून पडद्यावर फिरवलंत की उजळपणा बदलतो. मुलींना तेवढंच पाच मिनिटं करायला द्या, फार आवडतं.

सह्यकडा
डीएसनाइन बघायला उत्तम, पण त्यातून फ्लेक्स निघणार नाही. ‘सेव्ह इमेज’ केलं की खिडकीत दिसतं तेवढ्याच आकाराचं चित्र मिळतं. त्यांना पूर्ण आकाराची टिफ (छपाईला चालणारी चित्राची फाइल) हवी, तर फिट्स लिबरेटर हे सॉफ्टवेअर. तेही फुकट. स्ट्रेचमध्ये (म्हणजे लहान आकडे ताणून उजळ करणं) आर्कसिनएच निवडा, काळ्या-पांढऱ्याच्या खुणा ओढून बसवा, सोळा बिटची टिफ बाहेर काढा.

निशाचर
मी बघायला म्हणूनच सांगितलं होतं. आधी त्यांना दिसू तरी द्या.

इस्रोप्रेमी
नासाच्याच मागे का लागायचं? आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅटचा डेटा आहे, आदित्य-एल१ चा आहे. इस्रोच्या पोर्टलांवर नाव नोंदवलं की मिळतो. शाळेत तरी आपलं दाखवा.

सह्यकडा
दाखवा की, कोण नको म्हणतंय. पण आदित्यवरच्या सूट या दुर्बिणीची फाइलही फिट्सच असते, तिलाही असंच स्ट्रेच करावं लागतं. दुर्बीण देशी असली म्हणून आकडे आपोआप उजळत नाहीत. चांद्रयान-२ चा मामला वेगळा, तिथे पीडीएस४ फॉरमॅट. तो विषय इथे नको.

इस्रोप्रेमी
सूट पुण्याच्या आयुका या खगोल संस्थेने बनवलंय, तेवढं तरी मुलींना सांगा.

गडहिंग्लज_विज्ञान
डीएसनाइनमध्ये दिसलं!!! लॉग केल्या केल्या डोंगर वर आला. मुली ओरडल्या, शेजारच्या वर्गातले सर बघायला आले.
पण आता पुढे काय? मी तीन फिल्टर उतरवलेत: एफ०९०डब्ल्यू, एफ२००डब्ल्यू, एफ४४४डब्ल्यू. पहिल्या दोनला लॅपटॉप मरतो. आणि तिसरं चित्र आकाराने लहानच आहे, एकावर एक बसत नाही. हेही फाइलचं काहीतरी असेल ना?

अजगर
नाही. निअरकॅमला, म्हणजे वेबच्या ज्या कॅमेऱ्याने हे टिपलंय त्याला, दोन वाटा आहेत. आखूड तरंगलांबीच्या वाटेवर एक पिक्सेल सुमारे ०.०३१ कोनीय सेकंदांचा, लांब तरंगलांबीच्या वाटेवर सुमारे ०.०६३. म्हणजे एफ४४४ चं चित्र प्रत्येक बाजूने निम्मं. पायथनमध्ये ‘रिप्रोजेक्ट’ नावाचं पॅकेज आहे, ते आकाशातल्या निर्देशांकांवरून तिन्ही चित्रं एकाच जाळीवर आणतं. हाच शास्त्रशुद्ध मार्ग.

सह्यकडा
चार जीबी रॅमवर रिप्रोजेक्ट? कॅरिनाचं प्रसिद्ध झालेलं पूर्ण चित्र १४,५७५ गुणिले ८,४४१ पिक्सेलचं आहे, आखूड फिल्टरच्या फाइली साधारण तेवढ्याच मोठ्या. वर प्रत्येक फाइलीत सात-आठ कप्पे. तो लॅपटॉप धूर काढेल.

ताई, सोपं करा. तिन्ही फिल्टर लांब वाटेवरचे घ्या: एफ३३५एम, एफ४४४डब्ल्यू, एफ४७०एन. पिक्सेल सारखा, फाइल बरीच लहान. चित्रं जवळजवळ जशीच्या तशी बसतात, थोडं सरकवावं लागलं तर सरकवा. मग टिफ काढून गिंपमध्ये (हो, आता गिंप चालेल) तिन्हींचा आकार कातरून अगदी सारखा करा आणि रंगांच्या मेनूतून कॉम्पोनंट्स, कंपोज. ३३५ निळ्यात, ४४४ हिरव्यात, ४७० लालमध्ये. आकार एका पिक्सेलने जरी वेगळा असला तरी कंपोज हटून बसतं.

अजगर
म्हणजे नासाचं चित्र येणारच नाही. त्यांनी सहा फिल्टर वापरलेत.

सह्यकडा
नववीच्या मुलींचं चित्र येईल. ते बरं.

मामी_ठाणे
मला एक शंका आहे. हे रंग मग तुम्ही मनानेच भरताय? म्हणजे नासाचे ते सगळे सुंदर फोटो खोटे? आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलं होतं की सगळं संगणकावर बनवतात, मी विश्वास ठेवला नव्हता.

निशाचर
मामी, खोटे नाहीत. निअरकॅम ०.६ ते ५ मायक्रॉनमधला प्रकाश टिपतो. आपला डोळा ०.७ च्या पुढे आंधळा. त्यामुळे बहुतेक फिल्टरमधला प्रकाश आपल्याला दिसणारच नाही असा आहे. मग सगळ्यात आखूड तरंगलांबीला निळा, सगळ्यात लांब तरंगलांबीला लाल, असं क्रमाने वाटून देतात. गायकाने काळी एक सोडून पांढरी चार पट्टी घेतली म्हणून राग बदलतो का? स्वरांमधली अंतरं तीच राहतात. ३३५ मध्ये जिथे उजळ दिसेल तिथे कार्बनी धुळीचे मोठे रेणू चमकतायत, ४७० मध्ये हायड्रोजनचे रेणू. ही माहिती खरी आहे, रंगाची निवड आपली.

मामी_ठाणे
म्हणजे तिथे जाऊन बघितलं तर असं दिसणार नाही.

निशाचर
नाही दिसणार. तसा कोणी दावाही केलेला नाही.

डॉबसनकाका
म्हणूनच म्हणतो, डोळ्याने बघा! आणि कॅरिना गडहिंग्लजवरून दिसतो, हे इथे एकानेही सांगितलं नाही. दक्षिणेचं क्षितिज मोकळं हवं, फार तर पंधरा अंश वर येतो. फेब्रुवारीअखेर मध्यरात्रीनंतर साडेबारा-एकला ठीक दक्षिणेला, एप्रिलच्या मध्यावर रात्री साडेनऊच्या सुमारास. तेव्हा अगस्त्य तारा नैर्ऋत्येला मावळायला टेकलेला असतो. वेबने टिपलेला डोंगर म्हणजे एनजीसी ३३२४, मोठ्या तेजोमेघाच्या कडेचा छोटा तुकडा, तो वेगळा ओळखता येणार नाही. पण मोठा तेजोमेघ द्विनेत्रीतून धुरकट डाग म्हणून सहज दिसतो. साडेसात हजार प्रकाशवर्षांवरून. हे फ्लेक्सच्या खाली लिहा.

गडहिंग्लज_विज्ञान
हे खरंच माहीत नव्हतं काका. लिहिते.

घाईतला
एवढं सगळं करण्यापेक्षा तयार फोटो उतरवून छापा ना? पूर्ण आकाराचा फुकट मिळतो, खाली नासा, ईएसए, सीएसए, एसटीएससीआय असं श्रेय दिलं की झालं. नाहीतर ईएसएस्काय किंवा अलादिन लाइट ब्राउझरमध्ये उघडून स्क्रीनशॉट मारा.

गडहिंग्लज_विज्ञान
पहिली पोस्ट वाचा. मुलींनी करायचंय.

गडहिंग्लज_विज्ञान
झालं. तीन फिल्टर, तीन मुली, एकेकीला एक रंग दिला. ३३५ वालीला निळा नको होता, तिची समजूत घालावी लागली. चित्र छान आलंय, पण ठळक ताऱ्यांच्या मधोमध काळे ठिपके आहेत. नासाच्या फोटोत नाहीत. हे आमच्याकडून झालं की फाइलमध्येच आहे? फ्लेक्सवाल्याला आजच द्यायचंय.

मामी_ठाणे
कृष्णविवर तर नसेल?

निशाचर
नाही हो मामी! ताऱ्याचा प्रकाश इतका जास्त की तिथले पिक्सेल भरून वाहिले, आकडाच नोंदला गेला नाही. त्या जागी शून्य किंवा ‘आकडा नाही’ येतं, सॉफ्टवेअर त्याला काळं रंगवतं. प्रसिद्ध होणाऱ्या चित्रांत ते हाताने भरून काढतात. गिंपमध्ये क्लोन ब्रशने शेजारचा पांढरा उचलून भरा. आठ टोकं मात्र पुसू नका, सहा मोठी आणि दोन छोटी. वेबच्या षटकोनी आरशांची आणि दुय्यम आरशाच्या दांड्यांची ती खूण आहे, परीक्षक विचारणारच.

अजगर
क्लोन ब्रश म्हणजे डेटात फेरफार. ठिपके तसेच ठेवा आणि खाली टीप द्या.

सह्यकडा
फ्लेक्स आहे रे बाबा, शोधनिबंध नाही.

गडहिंग्लज_विज्ञान
दोन्ही करते. एका कोपऱ्यातले ठिपके ठेवते आणि खाली मुलींकडून कारण लिहून घेते.

फ्लेक्सवाला
माझा व्यवसाय हाच आहे म्हणून सांगतो. अवकाशाचे फोटो फ्लेक्सवर दिसतात त्यापेक्षा गडद येतात, तपकिरीचा चिखल होतो. द्यायच्या आधी मधला भाग डोळ्याला थोडा जास्तच वाटेल इतका उजळ करा, आणि एक फुटाचा तुकडा छापून उन्हात बघा. लॅपटॉपच्या पडद्यावर विश्वास ठेवू नका. चित्राच्या कडेचे रिकामे त्रिकोण कातरून टाका, नाहीतर पोरं विचारतील की फाटलंय का.

गडहिंग्लज_विज्ञान
तुकडा छापायला टाकला. सगळ्यांचे आभार, भांडणाऱ्यांचेही. डॉबसनकाका, तुम्ही कोल्हापूरच्या आसपास असाल तर २८ ला संध्याकाळी दुर्बीण घेऊनच या.

डॉबसनकाका
इचलकरंजीत आहे, येतो. पण मैदानाच्या खांबावरचे दिवे कोण बंद करणार, ते आधी हेडमास्तरांना विचारून घ्या.