ढगात किती ऊन मुरतं? विमान पाठवायचं की उपग्रहावर भागवायचं?

मेघवेडा:
उपग्रह असताना ढगांभोवती विमानं कशाला, असं हल्ली सारखं ऐकू येतं. मला हे अजिबात पटत नाही. उपग्रहाला ढगाचा माथा दिसतो. ढगाच्या पोटात ऊन किती मुरलं ते काढायचं, तर वर आणि खाली एकाच वेळी मोजायला हवं. मार्च 2006 मध्ये हवामानशास्त्रज्ञ रामनाथन यांच्या गटाने मालदीवला तीन छोटी मानवरहित विमानं एकावर एक उडवली. धुरकटामुळे खालच्या हवेचं उन्हाने तापणं सुमारे 50 टक्क्यांनी वाढतं, हे त्यातून कळलं.

तराजू:
आणि अमेरिकेतल्या ओक्लाहोमाचं काय? ढग संगणकाच्या मॉडेलने काढलेल्या आकड्यापेक्षा फार जास्त ऊन शोषतात, असं 1995 मध्ये काही नामवंतांनी मांडलं. त्याच वर्षी तिथे विमानं उडाली, आकडेही तसेच आले. 2000 मध्ये पुन्हा मोजलं, तर फरक जवळपास मिटला! शोषण म्हणजे वर आणि खाली मोजलेल्या दोन मोठ्या आकड्यांची वजाबाकी. ऊन मोजणाऱ्या उपकरणातली, काचेच्या घुमटाखालची काळी चकती एक अंशाने कलली आणि सूर्य क्षितिजापासून 30 अंशांवर असला, तर थेट उन्हाचा आकडा 3 टक्क्यांनी चुकतो. विमान तर वाऱ्याने डुलतच असतं. शिवाय फुटक्या ढगांच्या कडांमधून प्रकाश बाजूला निसटतो, आणि तोही शोषणाच्या खात्यात जमा होतो.

मेघवेडा:
सगळं मान्य. पण 2000 ची दुरुस्तीही विमानानेच केली ना? एकाच विमानावर वेगवेगळ्या गटांची उपकरणं शेजारी शेजारी लावून ताडून पाहिली. चूक मापनात होती, विमानात नव्हती.

पाऊसपाणी:
तुम्ही दोघे उन्हातच अडकलात. रात्रीचं काय? हिवाळ्यात आभाळ भरलं की पुण्यात थंडी पळते. ढग जमिनीकडे उष्णता परत पाठवतो म्हणून. ते मोजणाऱ्या उपकरणाचा घुमट स्वतःच तापला की आकडा बिघडतो, म्हणून घुमटाचंही तापमान नोंदवावं लागतं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 2009 पासून विमानाने ढगांतले थेंब आणि धूलिकण मोजले. थेंब लहान की मोठे यावर ढग किती ऊन परतवतो ते ठरतं. त्यामुळे मी मेघवेडांच्या बाजूने.

तराजू:
मी विमानाच्या विरोधात नाही हो. एका उड्डाणाच्या आकड्यावरून जगाचा हिशेब मांडायला माझा विरोध आहे. तोच पैसा जमिनीवरच्या केंद्रांना द्या, रोज मोजा, वर्षानुवर्षं मोजा.

मेघवेडा:
जमिनीवरून ढगाचा माथा कसा मोजणार, ते आधी सांगा.