आंतरधातू संयुगांत बंध असतो की नाही?

साकोलीकर : लाखनीच्या सरांनी काल आंतरधातू संयुगांविषयी, म्हणजे ठरावीक प्रमाणात जुळलेल्या धातूंविषयी, लिहिले की, "दोन धातू एकत्र आले की होते ते मिश्रणच, इलेक्ट्रॉनांचा समुद्र सांगितला की विषय संपतो, तिथे बंध शोधत बसू नये." समुद्र म्हणजे धातूच्या अख्ख्या तुकड्यात मोकळे फिरणारे सामाईक इलेक्ट्रॉन. पदवीच्या वर्गाला शिकवणाऱ्या माणसाने असे लिहावे याचा मला राग आला, म्हणून सविस्तर लिहितो. निकेल १४५५ अंश सेल्सिअसला वितळते, ॲल्युमिनियम ६६० ला. पण दोघांचे एकास एक संयुग १६३८ अंशांपर्यंत टिकते. नुसते मिश्रण असते, तर ते दोघांहूनही उशिरा का वितळले असते? तिथे निकेल आणि ॲल्युमिनियमच्या अणूंमध्ये काही प्रमाणात सहसंयुज, म्हणजे इलेक्ट्रॉन जोडीने वाटून घेणारा, दिशा असलेला बंध आहे. सीझियम आणि सोन्याचे संयुग तर धातूसारखे वागतही नाही. सीझियमचा इलेक्ट्रॉन सोन्याने जवळजवळ पुरता ओढून घेतल्यामुळे ते अर्धवाहक होते. यात समुद्र कुठे आहे?

लाखनीकर : सर, आपण टोकाची उदाहरणे निवडलीत. तांब्याचे पाच आणि जस्ताचे आठ अणू, हे सूत्र कोणत्या संयुजेतून, म्हणजे अणूच्या बंध जोडण्याच्या ठरलेल्या क्षमतेतून, काढाल? तिथे धातुशास्त्रज्ञ ह्यूम-रॉथरी यांनी १९२६ मध्ये मांडलेला, अणूंमागे इलेक्ट्रॉन किती हा हिशेबच चालतो. तांब्याचा एक, जस्ताचे दोन, म्हणजे १३ अणूंमागे २१ इलेक्ट्रॉन. तांब्याचे ३१ आणि कथलाचे ८ अणू घेतले, तरी ३९ अणूंमागे ६३, म्हणजे प्रमाण तेच. हे इलेक्ट्रॉन कोणा दोन अणूंचे नसून अख्ख्या स्फटिकाचे असतात, म्हणून तर हिशेब जुळतो. मुले इथे संयुजा लावायला जातात आणि गुण गमावतात, हे मी दरवर्षी पाहतो.

भंडाऱ्याची लेक : आमच्या घरी पितळेची भट्टी होती. एकदा गडबडीत जस्त दोनदा पडले. थंड झालेल्या लादीवर बाबांनी हातोडा घातला, तर ती गुळाच्या भेलीसारखी फुटली. फुटलेली कड पिवळी नव्हती, पांढुरकी करडी होती. ती कड मी हातात घेऊन पाहिली आहे. समुद्र तोच असेल, तर पितळ असे ठिसूळ का झाले, हे सरांनी सांगावे. कल्हईचेही तसेच आहे; कथील तांब्याच्या गंजाला, म्हणजे भांड्याला, नुसते चिकटत नाही, जोडले जाते.

लाखनीकर : ताई, आपली लादी फुटली ती रचनेमुळे. जस्त वाढल्याने तिथे तांबे-जस्ताचे तेच पाचास आठ संयुग झाले. त्याच्या स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या एकेका घनात ५२ अणूंची गुंतागुंतीची मांडणी असते, त्यामुळे अणूंचे थर एकमेकांवरून सहज घसरत नाहीत. कल्हई मात्र निव्वळ मुलामा आहे. रासायनिक बंध असता, तर ती पुन्हा पुन्हा का करावी लागली असती?

पवनीकर : मुलामा म्हणू नका, सर. माझे वडील आठवडी बाजारात कल्हई करत आणि भाता मी ओढत असे. गंज तापला की नवसागर टाकायचा, पांढरा धूर उठायचा, मग कथलाची काडी फिरवून कापसाच्या बोळ्याने पुसायचे. नवसागर जिथे पोहोचला नाही, तिथे वितळलेले कथील थेंब होऊन पळायचे, धरायचे नाही. कारण मळाचा थर मध्ये राहिला की तांबे आणि कथील भेटतच नाहीत. जिथे भेटतात, तिथे सहा तांबे आणि पाच कथील असा कठीण, पातळ थर तयार होतो. झिजते ते वरचे मोकळे कथील. ज्यांनी कधी भाता ओढला नाही, त्यांनी आमच्या हातच्या कामाला मुलामा म्हणू नये.

लाखनीकर : हे वैयक्तिक होते आहे, भाऊ. भाता ओढल्याने स्फटिकरचना कळत नाही.

पवनीकर : आणि फळ्यावर समुद्र काढल्याने कथील धरत नाही.

साकोलीकर : दोघांनीही थांबावे. थॅलियम एकटे असताना साधा, मऊ धातू असते. सोडियमबरोबरच्या संयुगात ते सोडियमचा एक इलेक्ट्रॉन घेते, त्याचे बाहेरचे इलेक्ट्रॉन तिनाचे चार होतात, आणि थॅलियमचे अणू हिऱ्यातल्या कार्बनसारखा सांगाडा उभा करतात. रसायनशास्त्रज्ञ झिंटल यांनी ही रचना १९३२ मध्ये दाखवली. देवाणघेवाण, जोडी आणि सांगाडा हे सगळे त्या एका स्फटिकात आहे. त्याला नुसते मिश्रण कसे म्हणणार?

लाखनीकर : तेच संयुग धातूसारखे चमकते आणि वीजही वाहून नेते, हे आपण सांगितले नाही. तरीही "बंध शोधत बसू नये" हे माझे वाक्य चुकीचे होते, ते मागे घेतो. कल्हईच्या सांध्याविषयीही पवनीकरांचे बरोबर आहे. पण सहास पाच हे प्रमाण संयुजेतून निघत नाही, हा मुद्दा मी सोडणार नाही.

भंडाऱ्याची लेक : तो सोडूही नका, सर. पाणी भरायच्या गुंडाच्या पितळेत तर संयुगही नसते. तिथे जस्ताचे अणू तांब्याच्याच जालकात, म्हणजे अणूंच्या ठरलेल्या मांडणीत, जागा घेतात, म्हणून ते पितळ ठोकून गोल करता येते. तेवढ्यापुरते आपले "मिश्रण" मला मान्य आहे. बाबांच्या त्या फुटलेल्या लादीला मात्र मी मिश्रण म्हणणार नाही.