मदत हवी आहे: ई-माउंटन बाईकसाठी मागचा शॉक कसा निवडावा?

माझ्या २४ किलोच्या इलेक्ट्रिक माउंटन बाईकला २०५ × ६५ मिलिमीटरचा (लांबी × दबण्याचे कमाल अंतर) एअर शॉक, म्हणजे हवेच्या दाबावर चालणारा धक्काशोषक, आहे. सामानासह माझे वजन ८८ किलो असून, बसल्यावर शॉक सुमारे १९ मिलिमीटर, म्हणजे साधारण ३० टक्के, दबेल इतकीच हवा मी भरतो. तरीही सह्याद्रीतील दगडी उतार संपल्यावर दांड्यावरची रबरी रिंग दर वेळी अगदी टोकाला सरकलेली दिसते, म्हणजे शॉक पूर्ण दबून तळाला टेकतो. हवा वाढवली की दणका थांबतो, पण चढावर मागचे चाक बारीक खडीवर घसरते, आणि तेच मला अधिक खटकते. आधी हवेची जागा कमी करणारे स्पेसर घालून पाहावेत, की थेट कॉइल (धातूच्या स्प्रिंगचा) शॉक घ्यावा? फ्रेमची लिंकेज (मागचे चाक शॉकला जोडणारी सांधेजोड) फारशी प्रोग्रेसिव्ह, म्हणजे दबत जाईल तशी कडक होणारी, नसल्यामुळे कॉइल आणखी सहज तळाला टेकेल, अशी मला शंका आहे. स्पेसर घातल्यावर रिबाउंड (दबलेला शॉक परत उसळण्याचा वेग) पुन्हा जुळवावा लागतो का, हेही अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.