हद्दवाढ: माहेर शहरात, घर गावात. ग्रामसभेत काय बोलू?

पेठेतली लेक

नमस्कार. माझं माहेर कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत. पेठेत जागा परवडेना म्हणून लग्नानंतर आम्ही शहराला अगदी खेटून असलेल्या एका गावात गुंठेवारीतला प्लॉट घेऊन घर बांधलं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. हद्दवाढीचा, म्हणजे आसपासची गावं महापालिकेत घ्यायचा, विषय निघाला की गल्लीत अबोला धरला जातो, आणि मला इथंच राहायचं आहे.

पुढच्या ग्रामसभेत हद्दवाढीच्या विरोधाचा ठराव येणार आहे. मी हद्दवाढीच्या बाजूची आहे आणि उठून तसं बोलणार आहे. पण नुसतं "विकास होईल" म्हटलं की मागच्या रांगेतून आरडाओरडा सुरू होतो. म्हणून विचारतेय.

माझ्या गच्चीवरून हद्द दिसते. शहराचा डांबरी रस्ता जिथं संपतो तिथून आमची खडी सुरू. घंटागाडी त्या टोकापर्यंत येते आणि वळते. टोकाच्या अलीकडच्या बायका ओला-सुका वेगळा करून उभ्या असतात. आमचा कचरा हद्दीवरच्या मोकळ्या प्लॉटात पडतो, कारण आमच्याकडं गाडी कधी येईल याचा भरवसा नाही. वळवाचा एक पाऊस झाला की प्लॅस्टिकच्या पिशव्या, भाजीचे देठ, डायपर सगळं उतारानं वाहत खालच्या गल्लीच्या, म्हणजे शहराच्याच गटारीत जाऊन तुंबतं. मग खालची माणसं वर येऊन भांडतात. उन्हाळ्यात टँकर आला की आमच्याकडं बॅरल लावायला पळापळ होते आणि त्याच वेळी रस्त्यापलीकडच्या अंगणात नळाला पाईप लावलेला असतो.

मुलीची शाळा राजारामपुरीत, नवऱ्याची नोकरी शिरोली एमआयडीसीत, आजारपण निघालं की सीपीआर हा सरकारी दवाखाना. गावात उरलीय ती रात्रीची झोप आणि घरफाळ्याची पावती.

रविवारी माहेरी गेले की तांबडा-पांढरा वाढतानाच भावाचं सुरू होतं. "रस्ते आमचे, केएमटीची बस आमची, फाळा मात्र ग्रामपंचायतीला भरता." इकडं थोरल्या जाऊबाई म्हणतात, "शहराला आपल्या जमिनी पाहिजेत, माणसं नकोत." दोघंही मनापासून बोलतात आणि दोघंही माझी आहेत. विरोधातले खरे मुद्देही सांगा. ते ऐकल्याशिवाय मला उभं राहायचं नाही.

उभा मारुती चौक

ताई, आधी आकडे घेऊन जा. नगरपालिका १८५४ ची, महापालिका झाली १५ डिसेंबर १९७२ ला. तेव्हापासून आजपर्यंत हद्द एक इंचही सरकलेली नाही. ६६.८२ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत त्यात ५ लाख ४९ हजार माणसं. या पन्नास वर्षांत शहर वाढलं नाही का? वाढलं की, पण वाढलं ते पाचगावात, कळंब्यात, उचगावात, मोरेवाडीत.

विमानतळाला नाव कोल्हापूरचं, जागा उजळाईवाडीची. शिरोली आणि गोकुळ शिरगाव या दोन्ही एमआयडीसी हद्दीबाहेर. गांधीनगरची एवढी मोठी कापडपेठ, तीही बाहेर. पण सकाळी आठ ते रात्री नऊ या सगळ्याची वाहतूक दाभोळकर कॉर्नरला आणि कावळा नाक्याला आमच्या अंगावर. केंद्र आणि राज्याच्या बऱ्याच योजनांत शहराची लोकसंख्या बघितली जाते. सोलापूर स्मार्ट सिटीच्या यादीत गेलं, आपण बाहेर. काळम्मावाडी धरणाचं थेट पाइपलाइनचं पाणी शहरात यायला २०२३ ची दिवाळी उजाडली, आणि तेवढ्यासाठी शहरानं किती वर्षं आंदोलनं केली ते तुमच्या माहेरच्यांना विचारा. तुमच्या भावाचा राग त्यापोटी आहे, तो कोत्या मनाचा म्हणून नव्हे.

शियेकर

आकडे बरोबर हायत, त्यावर वाद न्हाई. आता आमचं ऐका.

बावड्यातनं पूल ओलांडला की आमचं शिवार. ऊस, थोडी भाजी, दोन म्हशी. उन्हाळ्यात नदीचं पाणी कमी झालं की शहरातनं जयंती नाल्याचं आलेलं पाणी काळं दिसतंय. जलपर्णी बघायला गुडघाभर पाण्यात उतरावं लागत न्हाई, काठावरनंच दिसती. मोटरीचा फूटव्हॉल्व्ह चोक झाला की मी हातानं काढतो. आत केसांचा गुंता, पिशव्या, वर तेलकट थर. साबणानं चार वेळा हात धुतला तरी जेवताना वास येतोय. तेच पाणी उसाला, तेच म्हशीला. पावसाळ्यात उलटं. २०१९ ला आणि २०२१ ला बावडा-शिये रस्ता पाण्याखाली गेला, तवा आमी इकडं आणि शहर तिकडं.

ताई म्हणतील, शहरात आल्यावर हे सुधारंल. मग बावड्याकडं बघा. बावडा शहरातच हाय. शहराचा सगळा कचरा कुठं टाकला? लाइन बाजारच्या झूम कचरा डेपोला. पेठेत का न्हाई टाकला?

दुसरी भीती आरक्षणाची. नकाशात एकदा तुमच्या दोन एकरावर बाग न्हाईतर डेपो असा शिक्का बसला की जमीन विकता येईना, बँक दारात उभी करंना आणि महापालिका पैसे देऊन ताब्यात पण घेईना. पोरांच्या वाटण्या व्हायच्या हायत, बापानं त्यास्नी काय सांगायचं?

आणि सरपंचाचं दार रात्री धाला वाजवता येतंय. शहरात नगरसेवकांची मुदत २०२० ला संपली आणि पुढं कित्येक वर्षं प्रशासक. तवा तुमची तक्रार कोण ऐकत हुतं?

शहरातल्या टोलविरुद्ध आंदोलन झालं, तवा मात्र कुणी हद्द विचारली न्हाई. आमच्याकडनं ट्रॅक्टर भरून माणसं गेली. टोल गेला तो सगळ्यांनी मिळून. म्हणून वैर न्हाई माझं. पण सही करायच्या आधी कागद वाचणार.

पेठेतली लेक

शियेकर दादा, फूटव्हॉल्व्हचं वाचून मी थोडा वेळ काही लिहिलंच नाही. ग्रामसभेत हे मीच सांगणार आहे, तुमच्या बाजूचं म्हणून.

बावड्याबद्दल एक बोलते. बावडा शहरात गेला तरी बावडा राहिला. शेती आहे, राजाराम कारखाना आहे, कुणालाही विचारा, तो आधी बावडेकर सांगतो. माझ्या जाऊबाईंना गावाची ओळख पुसली जाईल ही धास्ती आहे, त्यांना मी बावडाच दाखवणार. पण झूमचा डोंगर मीही बघितलाय. म्हणून डेपो कुठं होणार नाही हे आधी लिहून घ्यायला हवं. कसं लिहून घ्यायचं, कुणी जाणकार सांगेल का?

हरकत-सूचना

नगररचनेच्या कागदांत सगळी नोकरी झाली, म्हणून लिहितो.

हद्द बदलायचा अधिकार राज्य सरकारचा आहे, महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३ नुसार. आधी मसुद्याची अधिसूचना निघते, हरकती मागवल्या जातात, मग अंतिम. ग्रामसभेचा ठराव कायद्यानं सरकारचा हात धरत नाही, पण सरकार तो वाचतं. शिवाय निवडणुका जवळ आल्या की सगळेच पक्ष वाचतात. त्यामुळं "विरोध" एवढा एक शब्द लिहून पाठवणं म्हणजे बोलायची संधी घालवणं. दर वेळी असंच झालंय. गावं विरोध लिहितात, शहर बंदची हाक देतं, फाइल मुंबईत पडून राहते.

कराची भीती रास्त आहे, पण फाळा एका रात्रीत शहराएवढा होत नाही. नव्यानं आलेल्या भागात तो टप्प्याटप्प्यानं वाढवायची तरतूद कायद्यात आहे. त्याच्या बदल्यात काय जातं तेही सांगा. ग्रामपंचायत बरखास्त होते, तिची मालमत्ता महापालिकेकडं जाते, वित्त आयोगाचा ग्रामपंचायतीचा वाटा बंद होतो, रोजगार हमीचं काम बंद होतं. पाचगावसारख्या गावात रोजगार हमीवर कितीजण असतील? शियेसारख्या गावात तो प्रश्न खरा आहे. म्हणून सगळी गावं एका दोरीत बांधायला माझा पहिल्यापासून विरोध आहे. जिथं शेत संपून फ्लॅट झालेत आणि जिथं अजून ऊस उभा आहे, ती गावं वेगळी धरली पाहिजेत.

पुण्याचं बघा. २०१७ ला ११ गावं घेतली, २०२१ ला आणखी २३. त्यातली फुरसुंगी आणि उरुळी देवाची पुढं बाहेर पडली, २०२४ ला त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. करावरून आणि सोयींवरून लोक चिडले होते. पुण्याचा कचरा डेपो याच भागात होता हे शियेकरांनी लक्षात ठेवावं. घाईनं घेतलेली गावं कशी परत जातात याचा हा धडा कोल्हापूरनं वाचायलाच हवा.

आणि आपल्याकडं २०१७ ला हद्दवाढीऐवजी नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण दिलं, ४२ गावांचं. बांधकाम परवाने प्राधिकरणाकडं गेले, गटार आणि पाणी आहे तिथंच राहिलं. ते प्राधिकरण म्हणजे उत्तर आहे असं ग्रामसभेत कुणी म्हणालं तर एवढंच विचारा, आपल्या गल्लीत त्याचा एक पाईप दाखवा.

राजारामपुरी ते क्वीन्स

मी मूळचा राजारामपुरीचा, आता न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहतो, नासाऊ काउंटीच्या हद्दीजवळ. तुमचा धागा वाचून राहवलं नाही, कारण इथलं भांडणही हद्दवाढीतूनच आलेलं आहे.

१८९८ साली न्यूयॉर्कची मोठी हद्दवाढ झाली, त्यात क्वीन्सचा पश्चिमेकडचा भाग शहरात आला. पूर्वेकडचे तीन तालुक्यांएवढे भाग, हेम्पस्टेड, नॉर्थ हेम्पस्टेड आणि ऑयस्टर बे, शहराबाहेर राहिले आणि १८९९ ला त्यांनी वेगळी नासाऊ काउंटी केली. सव्वाशे वर्षं होऊन गेली, तरी आज दोन्हीकडची माणसं एकमेकांना टोमणे मारतात. आम्ही क्वीन्सवाले शहराचा वेगळा प्राप्तिकर भरतो, तो नासाऊत राहणाऱ्याला नाही. म्हणून आमच्या लोकांना वाटतं, हे नोकरीला शहरात येतात आणि शहराला काही देत नाहीत. नासाऊवाल्यांचा घरफाळा जबर, त्यातला मोठा हिस्सा शाळांना जातो. ते म्हणतात, आम्ही आमच्या शाळांसाठी भरतो, शहराच्या कारभारासाठी का भरू? तुमचे भाऊ आणि जाऊबाई इथंही आहेत.

हिलसाइड अव्हेन्यू नावाचा रस्ता हद्द ओलांडून तसाच पुढं जातो. दुतर्फा आपली किराणा दुकानं. इकडं पोलीस शहराचे, तिकडं काउंटीचे. भुयारी रेल्वे जमैकाला १७९ व्या रस्त्यावर संपते, पण नासाऊची बस हद्द ओलांडून जमैकापर्यंत येते आणि माणसं उतरून रेल्वे पकडतात. एवढं जुनं भांडण असून ती बस चालते, हे मला सांगायचं होतं. केएमटी गावांना बंद करा अशी मागणी आपल्याकडं मधून मधून होते, ती वाचून मला फार वाईट वाटतं. शाळेला जाणाऱ्या पोरीनं काय करायचं? हद्दीचा निकाल लागेल तेव्हा लागेल, बस आणि पाणी त्याच्यात ओलीस धरू नका.

उभा मारुती चौक

राजारामपुरीकर, केएमटीचं पटलं. शियेकर, जयंती नाल्याचं आम्हा शहरातल्यांनीच आधी बोलायला पाहिजे. ग्रामसभेच्या आधी आमच्या तालीम मंडळात बैठक आहे. नाला थांबवल्याशिवाय नदीकाठच्या गावांकडं हद्दवाढ मागायची नाही, हे मी तिथं मांडणार. विरोध होईल, होऊ दे.

पण पाचगाव, कळंबा, उचगाव हा भाग शहरच आहे. तिथं मी मागं हटणार नाही.

शियेकर

हे बोललासा, बरं वाटलं. तालमीत काय ठरतंय ते इथं लिवा.

पेठेतली लेक

सगळ्यांचे आभार. माझं आता ठरलंय. ठराव "विरोध" म्हणून जाऊ द्यायचा नाही, त्याला दुरुस्ती सुचवायची. आमच्या गावात शेत उरलेलं नाही, त्यामुळं अटींसह संमती असं मी मांडणार. पाण्याची लाइन आणि ड्रेनेज गल्लीत आल्यावरच वाढीव फाळा. कचऱ्याचा डेपो नव्यानं आलेल्या कुठल्याही गावात नाही. ज्यांच्या जमिनी आहेत त्यांच्या आरक्षणाला मुदत, मुदतीत पैसे दिले नाहीत तर आरक्षण उठवायचं. आणि जिथं ऊस उभा आहे ती गावं या फेरीत घेऊ नयेत, हेही आमच्याच ठरावात लिहायचं, म्हणजे त्यांना वाटणार नाही की आम्ही शहरात पळालो.

जाऊबाईंना काल हे वाचून दाखवलं. डेपोची अट ऐकल्यावर म्हणाल्या, "हे असं लिहिणार असशील तर मी तुझ्या शेजारी बसते." बाजूनं बोलणार नाहीत, पण बसतील. भावालाही पाठवलंय. निळी खूण झाली, उत्तर नाही.

हरकत-सूचना काका, दुरुस्तीची भाषा तपासून द्याल का? मसुदा उद्या रात्री इथं टाकते. आणि शियेकर दादा, आरक्षणाची अट तुम्हीच लिहा, तुमच्या बोलीत लिहिली तरी चालेल. ग्रामसभेत ती तशीच वाचणार.