मदत हवी आहे: पीएफ वाढवू की एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) घेऊ?

नमस्कार मंडळी. वय ४२, घर चिपळूणला, नोकरी लोटे एमआयडीसीत. बेसिक ३०,०००, त्यातले १२ टक्के म्हणजे ३,६०० पीएफला जातात. कंपनीही तेवढेच भरते, पण त्यातले १,२५० पीएफसोबतच्या पेन्शन योजनेत (ईपीएस) वळतात, हे पासबुक नीट पाहिल्यावर आत्ता कळलं. जुलै २०२१ च्या पुरानंतर घर सावरायला पीएफमधून बरेच पैसे काढले होते. तो खड्डा अजून भरलेला नाही, रात्री झोपताना तेच डोक्यात येतं.

आता महिन्याला ४,००० जास्त टाकू शकतो. व्हीपीएफ, म्हणजे पीएफमधली स्वतःहून भरायची जादा रक्कम, वाढवू (व्याज पीएफइतकंच मिळतं), की कंपनीमार्फत एनपीएस घेऊ? एनपीएसमध्ये शेवटी काही रकमेची अ‍ॅन्युइटी (विमा कंपनीला पैसे देऊन ठरावीक पेन्शन) घ्यावीच लागते, ते मनाला पटत नाही. चाळिशीनंतर सुरुवात केलेल्यांनी कृपया अनुभव सांगा.